केळवणाची अट

लग्न ठरलं की आमच्या हुबळी-धारवाडात मुलीला आधी पोटभर वाढतात आणि मग पोटभर बोलतात. केळवण ही खरं तर मोठी गोड पद्धत. पोरगी आता दुसऱ्या घरी जाणार, म्हणून काका, मामा, मावशी, शेजारी एकेक करून तिला जेवायला बोलावणार, ताटाभोवती रांगोळी काढणार, ओवाळणार, ‘अजून एक घे, बरं अर्धी तरी घे’ म्हणून आग्रह करणार. इथवर सगळं छान. पण मुलगी अंगानं भरलेली असली, तर विडा देताना तोच आग्रह करणारा माणूस हळूच म्हणतो, ‘आता लग्नापर्यंत जरा हात आवर हं.’ अरे, मग इतका वेळ वाढत कोण होतं?

‘भरलेली’ हा शब्द मी वापरला खरा, पण माझ्या भाचीला तो अजिबात आवडत नाही. ती म्हणते, “आत्या, सरळ जाड म्हण. उंच म्हणतेस, गोरी म्हणतेस, तसंच जाड. त्यात शिवी कुठं आहे?” म्हणून सरळच सांगते. माझी भाची दीपश्री जाड आहे. धारवाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, मोठ्यानं हसते, भरतकाम अगदी वाईट करते. आणि मी, तिची आत्या शकुंतला, तिच्याहून जाड आहे. शाळेत नोकरीला लागताना कमिटीतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “बाई, वरच्या मजल्यावरचा वर्ग झेपेल काय?” निवृत्त होईपर्यंत मी वरच्याच मजल्यावर शिकवलं. त्या गृहस्थांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

दीपश्रीचं लग्न मार्गशीर्षातलं. मुलगा साकेत, बेंगळुरूला नोकरी करतो, हुबळीतल्या कापडाच्या व्यापाऱ्यांचं घर. पोरांनी एकमेकांना पसंत केलं, आम्ही पेढे वाटले. तुळशीचं लग्न झालं आणि केळवणं सुरू झाली.

पहिलंच केळवण माझ्या चुलतभावाकडं, देशपांडे नगरात. सुधींद्र वकील आहे, त्यामुळं जेवताना गप्प बसणं त्याला जमत नाही. शेंगाची होळगी, म्हणजे दाण्याच्या कुटाची गोड पोळी होती, वर तूप. दीपश्री ‘साकु, साकु काका’ म्हणत ताटावर हात आडवा धरत होती आणि हा तिच्या बोटांच्या फटीतून होळगी सारत होता. हात धुऊन झाले, विडे आले, आणि वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

“आता लग्नापर्यंत गोड बंद. तुझ्या तब्येतीसाठी म्हणतोय बाई.”

“काका, माझे रिपोर्ट चांगले आहेत.”

“मग झालं की.”

“आणि वाईट असते तर डॉक्टरांना दाखवले असते. होळगी वाढणाऱ्याला कशाला?”

सुधींद्रची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. ती हसत होती की रडत, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दीपश्रीचा मेसेज आला. ‘सगळ्यांना नमस्कार. केळवणाला बोलावताय, मनापासून आनंद आहे. एकच अट. जेवताना कुणी माझ्या वजनाबद्दल बोललं, तर मी ताटावरून उठेन. चांगल्या भावनेनं बोललं तरी उठेन.’

झालं. ग्रुपवर एकदम शांतता. एरवी सकाळी फुलांचे फोटो पाठवणारेसुद्धा गप्प. भरल्या ताटावरून कुणी उठणं आमच्यात वाईट, आणि लग्न ठरलेली मुलगी उठली म्हणजे त्या घराची गावभर शोभा. बोलावलं नाही तरी पंचाईत, कारण ‘तुमच्याकडं झालं का केळवण’ हे सगळे विचारणार. पोरीनं नेमकं नाक दाबलं होतं.

पुढचे दिवस मी फार मजेत काढले. जिथं जिथं केळवण, तिथं तिथं मी हजर. लोकांना विषय सुचेनात. वजन काढून घेतल्यावर आपल्या लोकांकडं लग्नाळू मुलीशी बोलायला काही उरतच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अळणावरच्या मामांनी पाऊण तास सागवानाच्या भावावर काढला. एक काकू रव्याच्या लाडवाची कृती सांगताना ‘बारीक रवा’ म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या दचकल्या, की हातातला लाडू सुटला. पण गंमत अशी, की हळूहळू लोक खरंच बोलायला लागले. कॉलेजात काय शिकवतेस, साकेत स्वयंपाक करतो काय, बेंगळुरूला गेल्यावर नोकरीचं कसं. एका मावसभावानं तर तिच्याकडून पाणी जड कसं होतं ते समजून घेतलं. दीपश्री अशी खुलली होती म्हणता. जेवत होती, हसत होती, कुणाची नजर चुकवून घास घेत नव्हती.

एका माणसाच्या मात्र घशाखाली काही उतरत नव्हतं. तिची आई, माझी भावजय मनीषा.

मनीषा स्वतः काडीसारखी. स्वभावानं सोनं, पण लेकीच्या ताटावरून तिची नजर कधी हलत नाही. लेक काय घेते, किती घेते, दुसऱ्यांदा घेते काय. बाहेर केळवणं चालू असताना घरी ती दीपश्रीला अर्धी भाकरी आणि काकडी देत होती. एका दुपारी ती चिगरी बसनं नवनगरला माझ्याकडं आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, आणि पिशवीतून लग्नातल्या शालूवरचं ब्लाऊज काढून माझ्या पुढ्यात ठेवलं.

“अक्का, हे थोडं उसवून मोठं होतंय काय बघा की.”

मी उलटं करून बघितलं. आत माया म्हणून ठेवलेली नव्हती. शिलाई अगदी काठाला.

“हे नारायण टेलरनं शिवलंय? तो तर पोत्यालासुद्धा माया ठेवतो.”

“मीच नको म्हटलं. मापापेक्षा दोन इंच कमीच शिवायला लावलं. तोवर उतरेल म्हणून.” तिनं मान खाली घातली. “तुम्ही तरी सांगा तिला, जेवण कमी कर म्हणून. तुमचं ऐकते ती.”

“मला बघून ऐकेल होय?”

ती हसली नाही. मग मात्र मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचारलं, “मनीषा, खरं काय ते सांग.”

खरं असं होतं. साखरपुड्याला विहीणबाई, म्हणजे साकेतच्या आई पार्वतीबाई, फोटो बघताना म्हणाल्या होत्या, ‘फोटो छान आलेत, मुलगी जरा भरलेली दिसते.’ एवढंच. आणि आमच्या मनीषानं कुणी न मागता त्यांना शब्द देऊन टाकला होता. लग्नापर्यंत दहा किलो उतरवते म्हणून. लेकीला त्याचा पत्ताच नव्हता.

मला इतका राग आला, की दोन मिनिटं मी खिडकीतून रस्त्याकडं बघत बसले. लोक लेकीच्या लग्नात भांडी देतात, दागिने देतात. हिनं लेकीचं अंग देऊन टाकलं होतं, तेही तोलून.

“दीपश्रीला सांग. माझ्याकडच्या केळवणाआधी सांग,” मी म्हटलं. “पार्वतीबाईंनाही बोलावलंय मी त्या दिवशी.”

“सांगते की,” ती म्हणाली, आणि ब्लाऊज पिशवीत घालून गेली. तिनं सांगितलं नाही.

माझ्याकडचं केळवण रविवारी दुपारी. माझ्या घरी सगळ्या खुर्च्या बिनहाताच्या आहेत. मुद्दाम घेतल्यात, कारण हाताच्या खुर्चीतून उठताना खुर्ची अंगाबरोबर वर आली, की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. टेबलावर रांगोळी काढली होती. दीपश्री मधे, एका बाजूला पार्वतीबाई, समोर माझा भाऊ श्रीकांत आणि मनीषा. मी वाढत होते. पुरणाचे कडबू, कटाची आमटी, भरली वांगी, कोशिंबीर. पार्वतीबाई मोकळ्या स्वभावाच्या, पहिल्या घासालाच वांग्याची तारीफ केली. दीपश्रीनं तिसरा कडबू मागून घेतला. मनीषाची नजर त्या कडबूबरोबर पातेल्यातून निघाली आणि ताटात उतरली.

आणि साडीला फॉल लावून झाला काय, असं विचारावं तितक्या सहज पार्वतीबाईंनी विचारलं, “मनीषाताई, आपलं साखरपुड्याला ठरलेलं कुठवर आलं? दहा किलो म्हणाला होतात तुम्ही.”

पार्वतीबाई आमच्या ग्रुपवर नव्हत्या. अट त्यांना माहीतच नव्हती.

दीपश्रीचा हात थांबला. “काय ठरलं होतं?”

श्रीकांत आमटीत असा बघत होता, जणू उत्तर तिथंच तळाशी आहे. दीपश्रीनं आईकडं बघितलं. मनीषाचा चेहरा बघून तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या केळवणांत मी ते बघितलं नव्हतं. तिनं खुर्ची मागं सारली.

उठली असती तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. होणारी सून सासूच्या शेजारून भरल्या ताटावरून उठली, ही बातमी संध्याकाळपर्यंत हुबळीच्या बाजारात पोचली असती. लग्न टिकलं असतं की मोडलं असतं, देव जाणे. आणि नाही उठली असती, तर इतके दिवस जे कमावलं ते एका कडबूवर घालवलं असतं. माझ्या हातात आमटीची पळी होती.

“दीपश्री, खाली बस,” मी म्हटलं. “माझ्या घरात जेवणारा उठत नाही. बोलणारा उठतो.”

विहीणबाईंना ताटावरून उठा म्हणणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. श्रीकांतनं ‘अक्का’ म्हणून कळवळून माझ्याकडं बघितलं. पार्वतीबाई लालबुंद झाल्या. काय चुकलं ते त्यांना समजत नव्हतं, पण चुकलंय एवढं समजत होतं, आणि त्यांनी टेबलावर हात टेकले.

तेवढ्यात मनीषा उठली.

“विहीणबाई, तुम्ही बसा,” ती म्हणाली. “तुम्ही काही मागितलं नव्हतं. बोलले मी होते. तो शब्द मी परत घेते. शब्द माझा होता, अंग तिचं आहे. मी द्यायला नको होता.”

ती मागच्या अंगणातल्या नळावर गेली. मी पळी ठेवून तिच्या मागं गेले. ती धुतलेलेच हात पुन्हा धूत होती.

“ती लहान होती तेव्हापासून मी लोकांच्या आधी बोलत आले, अक्का,” ती म्हणाली. “बारशाला, शाळेत, कपड्याच्या दुकानात. मीच आधी बोलले तर दुसरं कोण बोलणार नाही म्हणून. तिला कुणी हसलं तर मला बघवत नाही हो.”

“आणि तुला स्वतःला ती कशी दिसते?”

“मला?” तिनं नळ बंद केला. “मला ती फार सुंदर दिसते. सकाळी केस मोकळे सोडून चहाला येते ना, तेव्हा माझ्या हातातलं काम तसंच राहतं. दृष्ट लागेल म्हणून कधी बोलले नाही.”

मागच्या दारात दीपश्री उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

“मला वाटायचं, मला बघितलं की तुला लाज वाटते,” ती म्हणाली.

मनीषानं ‘नाही’ म्हणून मान हलवली.

“मग आत येऊन सांग.”

“आत? विहीणबाईंसमोर?”

“त्यांना माझं वजन सांगितलंस ना? मग हेही त्यांनाच सांग.”

मनीषा आत आली. आपल्या खुर्चीमागं उभी राहिली, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून, फळ्यासमोर बोलावलेल्या मुलीसारखी. “माझी लेक मला सुंदर दिसते,” ती म्हणाली. “आहे अशीच.” आणि मग पुढं काय करायचं ते न सुचून तिथंच उभी राहिली.

पार्वतीबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. “अहो, साकेतला पसंत, मला पसंत,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच आपणहून शब्द दिलात. मला वाटलं, तुम्हालाच ती अशी नको आहे. विचारलं नाही तर विसरले म्हणाल, म्हणून विचारलं.” मग त्या दीपश्रीकडं वळल्या. “पण फोटो बघून मी ते बोलायला नको होतं. तिथूनच सुरू झालं हे.”

“हो, नको होतं,” दीपश्री म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली.

मी मनीषाला दुसरं ताट वाढलं. दीपश्रीनं आणखी एक कडबू घेतला आणि त्यावर तूप घेतलं. मनीषा आपल्या ताटात बघून भात कालवत होती, एकेक घास सावकाश खात होती. इतक्या वर्षांत लेकीच्या ताटाकडं न बघता जेवताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.