घेणाऱ्याची सही

दात करंगळीच्या नखाएवढा होता आणि चिमट्याच्या टोकावर, खिडकीतल्या उजेडात, किंचित पिवळा दिसत होता — पिवळाच हवा, सत्तरीच्या माणसाच्या तोंडात दुधासारखे पांढरे दात बसवले की तो हसायचाच बंद होतो, हे तिला आता कुणी सांगायला नको. तिनं तो मेणात टेकवला, काढला, पुन्हा टेकवला, या वेळी जरासा तिरका. काल डेंटिस्टकडून ही कवळी लॅबमध्ये परत आली होती, मेणातलीच, पेशंटच्या तोंडात बसवून बघायला पाठवलेली, आणि सोबत चिठ्ठी: दात फार सरळ आहेत, पेशंट म्हणतो हे माझे नाहीत. बरोबर आहे त्याचं. माणूस सगळा जन्म एका वाकड्या दाताबरोबर काढतो आणि मग कुणीतरी न विचारता त्याला सुधारून देतं… सुधारून दिलेलं सगळ्यांनाच मानवतं असं नाही. तिला तरी कुठं मानवलं होतं.

हिला मी शिकवली. हे वाक्य तिचा नवरा कुठंही म्हणू शकतो — कुणाच्या लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, किंवा तो मॅनेजर असलेल्या टायरच्या दुकानात, जिथून पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला पळता येत नाही. खोटं नव्हतं ते, हीच तर पंचाईत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं कवळ्या बनवायचा कोर्स करते म्हटलं तेव्हा सासूनं नाक मुरडलं होतं, दीर फिदीफिदी हसला होता, आणि तो एकटाच म्हणाला होता, कर, पैसे मी भरतो. भरले. दोन वर्षं भरले. पहिल्या दिवशी स्कूटरवरून क्लासपर्यंत सोडलं, हत्यारांच्या पेटीची कडी निघाली तेव्हा पक्कड घेऊन तार वळवून बसवून दिली, आणि त्या दोन वर्षांत तो तिला इतका आवडला होता की… जाऊ दे. ते आठवायचा आजचा दिवस नाही.

पुढं कधीतरी त्या पैशांना तोंड फुटलं. भाजीत मीठ जास्त पडलं की, एवढी फी भरली, त्यात मिठाचा धडा नव्हता का? ती चार माणसांत काही बोलायला लागली की तिचं वाक्य मधूनच उचलायचं, आपल्या चालीवर पुरं करायचं आणि वर टाळी मागायची. हात उगारला नाही कधी, दारू नाही, बाहेरचं लफडं नाही. बहिणीला सांगायला जावं तर सांगण्यासारखं हाताला काही लागायचं नाही, म्हणून तिनं सांगणंच सोडलं. आणि मग एक दिवस भाऊ आलेला असताना तिनं सहज म्हटलं, पुढंमागं स्वतःची लॅब काढावी म्हणते. ‘आधी माझे फेड, मग काढ लॅब,’ तो म्हणाला. सगळे हसले. भाऊ हसला. तीही हसली, आणि ते आपलं हसणं तिला नंतर किती दिवस सलत राहिलं. ते वाक्य मग त्याच्या तोंडात बसलंच.

बरं. फेडते.

फीच्या पावत्या तिच्याकडे होत्या. परीक्षेचे पैसे, हत्यारं, दोन वर्षांचा बसचा पास, सगळं तिनं मांडलं आणि त्यावर बँक मुदत ठेवीला देते तेवढं व्याज आपणहून लावलं. उद्या कुणी म्हणायला नको, सवलत घेतली म्हणून. घरखर्चातला आपला निम्मा वाटा चालूच ठेवायचा आणि वर हे. चौतीस हप्ते. ते फिटेपर्यंत घर सोडायचं नाही, आणि फिटल्यावर नवी चप्पल घ्यायलासुद्धा थांबायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. दर एक तारखेला त्याच्या खात्यात पैसे, आणि शेऱ्याच्या जागी: परतफेड एक, परतफेड दोन. त्यानं बँकेचे मेसेज बंद करून ठेवलेले — नुसती कटकट असते — त्यामुळं खात्यात जरा जास्तच दिसतंय एवढंच त्याला कळायचं, आणि पैसा आला तर तो कुठून आला असं विचारण्याइतका तो पैशाशी उद्धट नव्हता. सोळाव्या हप्त्याच्या महिन्यात भिंतभर टीव्ही आला. त्यावर बातम्या लागायच्या तेव्हा तिला बातम्या दिसायच्या नाहीत, परतफेड सोळा दिसायची.

आज एक तारीख होती, शनिवार. अकराच्या चहाला तिनं हातातला दात खाली ठेवला आणि चौतिसावा हप्ता पाठवून दिला. फोनवर हिरवी खूण उमटली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं, छाती हलकी होईल, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल… झालं काय, तर रेलून बसलेल्या बाकाची पाठ कुणी काढून न्यावी तसं मागं एकदम मोकळं मोकळं वाटलं आणि ते काही केल्या आवडेना. तिला स्वतःचाच राग आला. सणासुदीला साडी न घेता जमवलेले पैसे आहेत हे बाई, जरा आनंद तरी कर.

‘गेला का शेवटचा?’ मावशींनी विचारलं. मावशी नात्यातल्या नव्हेत. वीस वर्षं याच लॅबमध्ये चाकावर कवळ्या घासून चकचकीत करणाऱ्या, आणि चाक बंद असलं तरी ते चालू असल्यासारख्या ओरडून बोलणाऱ्या. त्यांच्या घराची बाहेरची खोली रिकामी होती, आणि ती कुणासाठी रिकामी आहे हे दोघींनाच ठाऊक होतं.

‘गेला.’

‘मग उद्या ये सामान घेऊन. सोमवारनंतर मी नाही हं थांबायची, दोन जणी मागं लागल्यात. तीन वर्षं तुझं ऐकतेय — अजून अकरा, अजून सात, अजून दोन. आता किती?’

‘सही राहिलीय.’

‘कसली सही?’

तिनं ॲप्रनच्या खिशातून पिवळं कार्ड काढलं. लॅबमध्ये येणाऱ्या दातांच्या प्रत्येक ठशाबरोबर असं एक कार्ड फिरतं: पेशंटचं नाव, काम कोणतं, दातांचा रंग, काम आले तारीख, काम गेले तारीख, आणि तळाशी घेणाऱ्याची सही. ती सही झाल्याखेरीज काम पुरं झालं असं इथं कुणी मानत नाही. कामाला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात तिनं एक कवळी दवाखान्यातल्या माणसाच्या हातात तशीच ठेवली होती, भरवशावर, आणि आठवड्यानं डेंटिस्ट म्हणाला, मला काही मिळालेलंच नाही. दुसरी करून द्यावी लागली, पगार कापला गेला, आणि तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला — सही नाही तर दिलंच नाही.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवून कार्ड डोळ्यांशी धरलं. पेशंट: नवऱ्याचं नाव. काम: शिक्षणाचे पैसे, व्याजासह. काम आले, काम गेले, दोन्ही तारखा सुवाच्य अक्षरात. दातांचा रंग तेवढा तिनं कोरा सोडला होता.

‘अगं बये,’ मावशी म्हणाल्या, ‘तो काय डेंटिस्ट आहे?’

‘हसू नका.’

‘हसत नाहीये. पैसे गेले, बँकेत नोंद झाली. आणखी कोणाकडून काय लिहून घ्यायचंय तुला?’

‘मिळाले म्हणून. त्याच्या हातचं. नाहीतर उद्या पुन्हा चार लोकांत म्हणेल, हिला मी शिकवली आणि ही निघून गेली.’

‘सही केली तर म्हणणार नाही?’

तिनं कार्ड परत घेतलं आणि त्या म्हाताऱ्याचा वाकडा दात मेणात पक्का करायला घेतला. सही घेणारच. एवढं केलं ते काय अर्धवट टाकायला?

दोनला लॅब सुटली. घरी आली तेव्हा तो सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता, शेजारी पाण्याचा ग्लास. तिनं चपला काढल्या, हात धुतले, बोटांवरचं मेण नखानं खरवडलं — उगाच वेळ काढतेय हे कळत होतं — आणि कार्ड आणि पेन त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवलं.

‘हे काय, माझी कवळी केलीस? अजून सगळे शाबूत आहेत माझे!’

‘वाच आणि सही कर.’

त्यानं वाचलं. एकदा भराभर, मग पुन्हा, ओठ हलवत. ‘कसले पैसे?’

‘माझ्या कोर्सचे. आज फिटले. खातं बघ, प्रत्येक महिन्यावर लिहिलंय.’

फोन काढून त्यानं बघितलं, बोटानं वर सरकवत गेला, सरकवतच गेला… आणि हसला. कुत्सित नाही, चक्क मनापासून. ‘अगं वेडे! ते मी गमतीनं म्हणायचो. गमतीनं! तू खरंच…? मला वाटलं दुकानातलं कमिशन जमा होतंय.’

गमतीनं. त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की तो खोटं बोलत नव्हता हे तिला लगेच कळलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. वीसदा, पन्नासदा म्हटलेलं ते वाक्य त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हतं. तिनं मात्र ते छातीशी धरून चौतीस महिने वागवलं होतं.

‘गमतीनं असेल. सही कर.’

‘नवराबायकोत कसली आलीय सही? लोक म्हणतील, बायकोकडून वसुली केली यानं.’

‘लोकांना तूच सांगत आलायस.’

तो जरा चपापला. मग मोठ्या मनाचा माणूस करतो तसा हात हलवून म्हणाला, ‘चल, फाडून टाक तो कागद. मी माफ केलं सगळं.’

‘माफ काय करतोस? फिटलंय ते.’

‘तेच ते गं.’

‘तेच नाही.’ आवाज चढला होता, चढू दे. ‘माफ केलंस तर ते तुझं. फिटलंय ते माझं आहे.’

त्यानं खांदे उडवले, ग्लास उचलून घोटभर पाणी प्यायलं आणि ग्लास पुन्हा खाली ठेवला — कार्डावर. मुद्दाम नाही. टीपॉय खराब होऊ नये म्हणून. पिवळ्या कागदावर ओलं वर्तुळ पसरायला लागलं, बरोबर घेणाऱ्याच्या सहीवर, आणि ती ते बघत राहिली. त्याच्याकडे सही मागतेय तोवर हे कधीच संपायचं नाही, कारण संपलं असं म्हणायचा अधिकार तिनं स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, त्याला देऊन ठेवला होता.

त्यानं रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. ‘आणि हे सगळं कशासाठी? कुठं निघालीस की काय?’ हसतच विचारलं, पण आवाज बंद करून विचारलं.

बसमध्ये तिनं वाक्य तयार करून आणलं होतं — तुझं सगळं फिटलं, आता मी जाते — ते जिभेवर आलंसुद्धा, आणि तेवढ्यात ते तिचं तिलाच ऐकू आलं. म्हणजे फिटलं नसतं तर नाही? म्हणजे इतके महिने मी त्याचं देणं देत नव्हते, जायची परवानगी हप्त्यानं विकत घेत होते, आणि तीही अशा माणसाकडून ज्याला आपण काही विकतोय याचा पत्ताच नव्हता… चौतीस महिने. राग आला, तो त्याचा नव्हता, स्वतःचाच. मग तोही राग ओसरला, कारण ते महिने गेले ते गेले, त्यांचं कार्ड कुणीच भरून देणार नव्हतं. पैसे द्यायचे होते, दिले, झकास केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. पण ते देणं वेगळं आणि हे जाणं वेगळं.

तो थांबला होता. पडद्यावर हजारो माणसं बिनआवाजी ओरडत होती. तिनं वाक्याचा पहिला अर्धा भाग काढून टाकला. फिटलं म्हणून नाही. छदामही फिटला नसता तरी, उद्या तू सगळ्या गावाला सांगत सुटलास तरी. मला जायचं आहे… एवढंच उरलं, आणि ते इतकं लहान होतं, इतकं उघडं, की ते म्हणायला तोंड उघडताना तिला भीती वाटली, पहिल्यांदाच, चांगली सणसणीत. तिची स्वतःची भीती, जिच्यात त्याचा एक पैसाही नव्हता.