हिरवं झाकण

प्रशिक्षकाने डबा तिरका केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाटल्यांची झाकणं खळखळत सांडली. एक घरंगळत कडेपर्यंत गेलं, ते मामाने तळहाताने अडवलं. आयुष्यभर बचावात खेळलेल्या माणसाचा हात घरातही स्वस्थ बसत नाही.

"हा लंबू," प्रशिक्षक म्हणाला. "गोलरक्षक. ठेव त्याला जागेवर."

मामाने ते झाकण साखरेच्या डब्यापुढे ठेवलं. साखरेचा डबा म्हणजे आपला गोल, मिठाची बरणी म्हणजे समोरच्यांचा. हॉकीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी हे दोघे दर वर्षी असे समोरासमोर बसत आणि संघ टेबलावर मांडून बघत. प्रत्येक खेळाडूचं झाकण ठरलेलं, त्यावर ताईने नेलपॉलिशने काढलेला नंबर. ताई म्हणजे मामाची थोरली बहीण आणि प्रशिक्षकाची बायको. तिच्यामुळे मैदानावरचे 'सर' या घरात 'भाऊजी' होत. तिच्या धाकट्या मुलीने एकदा भर सामन्यात "मामा!" अशी हाक मारली, आणि तेव्हापासून हा गडी अख्ख्या संघाचा मामा झाला होता.

यंदा जवळजवळ सगळी झाकणं नवी होती. संघाच्या मालकांनी जुने खेळाडू एकेक करून दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि त्यांच्या जागी अशी पोरं आणली, ज्यांच्या दाढीचा अजून पत्ता नव्हता. जुन्यांपैकी उरला एकटा मामा. गुडघा बोंबलत होता, डॉक्टरने हात टेकले होते, तरी त्याला अजून एक हंगाम हवा होता. फक्त एक. सकाळी उठून मैदानावर जायचं नाही तर कुठे जायचं, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची.

"बोल. लंबू कसा वाटतो?"

"उंच आहे."

"ते मलाही दिसतं."

"चेंडू जमिनीवरून आला की हा वाकेपर्यंत गोल होतो, लोक टाळ्या वाजवतात आणि परत खाली बसतात."

प्रशिक्षक हसला नाही. त्याने पुढचं झाकण उजव्या कडेला सरकवलं.

"फटाका."

"पळतो झकास. कधीकधी चेंडू मागेच विसरून पळतो."

"आणि पेनल्टी कॉर्नर कोण मारणार?"

"मारणारा तर देऊन टाकलात तुम्ही."

"मी नाही दिला," प्रशिक्षक म्हणाला. तो आवाज इतका थकलेला होता, की मामाने पुढचा टोमणा गिळला.

ताईने मामापुढे चहा ठेवला. त्याने कपाला हातही लावला नव्हता, तोच तिने विचारलं, "आणखी देऊ?" मग स्वतःच्याच प्रश्नाने गोंधळून ती ओट्याकडे वळली.

झाकणं मांडली गेली तसा टेबलाचा रंग उतरत गेला. मधल्या फळीतले दोघे एकमेकांना चेंडू द्यायला तयार नव्हते. डावीकडच्याला मार बसला की तो हिरमुसून बसे. सगळे सराव सामने हरले होते, आणि तेही असे, की जिंकणाऱ्यांनाच संकोच वाटावा. प्रशिक्षकाने आणखी एक झाकण उचललं आणि गोलासमोर, बचावाच्या मधोमध ठेवलं.

"गप्प्या? मध्ये?"

"हो."

"अहो, तो तोंड उघडत नाही! मध्ये उभं राहायचं तर घसा बसेपर्यंत ओरडावं लागतं. हा पोरगा चेंडू अंगावर आला तरी 'आई गं' म्हणत नाही."

"एकूण काय मग? खरं सांग."

मामाने सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. "खरं सांगू? शेवटून पहिले येऊ. हंगाम संपेपर्यंत पोरं रडकुंडीला येतील."

"मीही मालकांना हेच सांगितलं. म्हणाले, हरू देत. पुढेमागे हीच जिंकतील."

मामाने मान हलवली आणि आपलं हिरवं झाकण शोधायला लागला. ते सगळ्यात जुनं, एका बाजूला चेपलेलं. टेबलावर नव्हतं. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की गप्प्या उभा आहे ती जागा त्याचीच होती. त्याने मांडलेली झाकणं मोजली. अकरा भरत होती, राखीवांची कडेला वेगळी. त्याने डबा ओढून हलवला. आत एकच झाकण वाजलं.

"राखीव?" त्याने विचारलं.

"राखीवही पोरंच आहेत."

मामाने डबा हळूच खाली ठेवला.

"सर," तो म्हणाला. या घरात हा शब्द त्याने आजवर कधी उच्चारला नव्हता. "तुम्ही हरणारच आहात ना?"

"हो."

"मग हरायला तरी घ्या मला."

प्रशिक्षकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हरून ती पोरं शिकतील. तू आता हरून काय शिकणार?"

मामाने ओट्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"झाकणं मीच रंगवली ना रे," ताई म्हणाली. तिने तोंड वळवलं नाही.

उठून जावं, असं मामाला वाटलं. पण जाणार कुठे? तो तसाच बसून राहिला आणि त्या हरलेल्या टेबलाकडे बघत राहिला. मग त्याला राहवेना. त्याने एक बोट पुढे केलं आणि गप्प्याला जरासं मागे ओढलं.

"याला इतका पुढे उभा करू नका. चेंडू दिसला की भान राहत नाही त्याला, जागा सोडून धावत सुटतो. शेजारून कुणीतरी सारखं ओरडायला हवं."

"तू असतोस ना शेजारी," प्रशिक्षक सवयीने बोलून गेला.

दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. ताईने मामाचा गार झालेला चहा उचलला आणि परत गॅसवर ठेवला.