आधी हातमोजे घाला

हातमोजे घातलेत ना? मग ठीक. नसतील तर मला आहे तिथेच राहू द्या आणि लांबूनच ऐका. मी औषधाची ट्यूब बोलतेय. फ्रिजबाहेर मला फार वेळ ठेवायचं नसतं, म्हणून जरा घाईतच सांगते.

माझ्या पोटात पातळ, पारदर्शक लेप आहे. कातडीच्या लिंफोमावर तो लावतात. लिंफोमा म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. वरून दिसायला इसबासारखाच, लाल, खवल्यांचा डाग. त्या डागातल्या बिघडलेल्या पेशी मी मारते. पण मला आपलं-परकं कळत नाही हो! ज्याच्या बोटाला लागेन त्याला चटका देईन. म्हणून तर कारखान्यात मला भरणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. जन्मापासून मला उघड्या हातानं कुणी कुरवाळलेलं नाही, आणि तेच बरं आहे.

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका औषधाच्या दुकानातून कालोलाइन मला घरी घेऊन आली. चांगली उंचपुरी, भरल्या अंगाची टोंगन बाई, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरची. धाकटा भाऊ मोसेसे आणि त्याची बायको लेसिएली यांच्याकडे राहायची. किती वर्षं डॉक्टर तिला इसबच सांगत होते आणि ती खोबरेल चोळत होती. मग कुणीतरी कातडीचा तुकडा तपासला, आणि मी तिच्या नशिबी आले.

घरात तिनं एवढंच सांगितलं, “खाजेचं मलम आहे, कुणी हात लावू नका.” कॅन्सर हा शब्द तिनं उंबऱ्याच्या आत आणलाच नाही. मला प्लॅस्टिकच्या डब्यात घालून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, अगदी मागे ठेवलं. पुढे नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं पातेलं. कुणी पातेलं काढायला दार उघडलं की मला एकच धास्ती. न जाणो, उद्या कुणाला मी दातांची पेस्ट वाटले तर?

लेसिएलीला दिवस गेले होते. आणि त्यांच्यात बाळाला नाव ठेवायचा मान आत्याचा. तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याकडेही तसंच आहे म्हणे. पण टोंगन आत्या म्हणजे त्याहून मोठं प्रस्थ. ती बाळाला मांडीवर घेऊन बसते तेव्हा बाळाच्या बापालासुद्धा तिच्यापुढे खाली बसावं लागतं.

कालोलाइननं नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगी झाली तर मेलेनाइते, तिच्या आईचं नाव. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी आंघोळ करून, अंग नीट कोरडं झालं की ती हातमोजे घालून मला मांडीवर, पोटावर, दंडावर लावायची आणि जळजळ सोसताना पुटपुटायची, “मेलेनाइते, मेलेनाइते.” जगात ते नाव तिला आणि मलाच माहीत होतं.

महिनाभरात मांडीवरचे डाग फिके पडले. पण पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक मोठा डाग होता. तिथे तिचा हात पोचायचा नाही. दवाखान्यातली नर्स ब्रॉनविन विचारायची, “पाठीला कोण लावतं?” ही सरळ सांगायची, “भावजय लावते.” गरोदर बाईला माझा स्पर्शसुद्धा होता कामा नये, हे ब्रॉनविननंच पहिल्या दिवशी बजावलं होतं. पण भावजय गरोदर आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं?

पाठीवरचा डाग जाड होत चालला. कपड्याला चिकटायचा, कधी रक्ताचा ठिपका दिसायचा. कालोलाइननं नाव पुटपुटणं सोडून दिलं. एकदा मला डब्यात ठेवताना म्हणाली, “असल्या अंगानं बाळाला घ्यायचं तरी कसं?” माझ्याशीच बोलली ती, कारण दुसरं कोण होतं तिला सांगायला?

मग एका दुपारी तिनं लांब दांड्याच्या उलथण्याला फडकं गुंडाळलं आणि आरशाकडे पाठ करून मला लावायचा खटाटोप मांडला. लेप भिंतीला लागला, वेणीला लागला, डागाला काही लागला नाही. चिडून तिनं मला मोरीच्या कडेला ठेवलं आणि वेणी धुवायला घेतली. तेवढ्यात लेसिएली आत आली. उलथणं बघून खो खो हसली आणि म्हणाली, “अहो ताई, मला हाक मारायला काय तोंड दुखतं? बसा खाली, मी लावते.”

आणि तिनं मला उचललं. उघड्या हातानं. सातव्या महिन्याचं पोट माझ्यासमोर, आणि तिची बोटं माझं झाकण फिरवतायत! मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. झाकण अर्धं फिरलं होतं.

“ठेव ते खाली!” कालोलाइन ओरडली. तिनं मला हिसकावून घेतलं, लेसिएलीला ओढत नळाखाली नेलं आणि तिचे हात साबणानं धूत राहिली. लेसिएली रडकुंडीला आली. ही नणंद तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती.

“काय चुकलं माझं?”

“तुझं नाही ग, माझं चुकलं,” कालोलाइन म्हणाली. “खाज नाही ही. कॅन्सर आहे.”

नंतर दोघी मोरीतल्या ओल्या फरशीवर बसून रडल्या. माझ्यातला थेंबही बाहेर आला नव्हता, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी मोसेसे गोदामातल्या कामावरून आला. बायकोनं त्याला सगळं सांगितलं. फोनवर विचारलं तर ब्रॉनविन आठवड्यातून दोनदा मदतीला घरी बाई पाठवू शकत होती, पण औषध रोज लावायचं. चर्चमधल्या कुणाला बोलवावं तर रविवारपर्यंत सगळ्या सिडनीला बातमी. लेसिएलीनं हात लावायचा नाही. मग उरलं कोण?

मोसेसे म्हणाला, “मी लावतो.”

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं, भाऊच तर आहे. तसं नाही. टोंगन भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तिच्यासमोर अंगाचा विषय काढत नाही. दोरीवर तिचे कपडे असले की हा मोसेसे मान खाली घालून जायचा. बहिणीची उघडी पाठ बघणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

“वेड लागलंय तुला?” कालोलाइन भिंतीकडे बघत म्हणाली. “आई असती तर तिनं झाडूनं बडवलं असतं.”

“बडवू दे,” तो म्हणाला. “ताई, माझ्या लेकराला नाव कोण ठेवणार? तू गेलीस तर मी कुणापुढे बसू?”

कालोलाइननं चादर शोधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मागच्या व्हरांड्यात ती पाठमोरी बसली. डागापुरती जागा सोडून बाकी सगळी चादरीत गुंडाळलेली. मोसेसेनं हातमोजे घातले आणि ते टराटरा फाटले, कारण त्याचे हात म्हणजे फावडी. मोठे हातमोजे येईपर्यंत सगळा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी तो डोळे घट्ट मिटून मागे बसला आणि लेसिएली लांब दारातून सांगू लागली, “खाली. अजून खाली. डावीकडे. तुमचं डावं नव्हे, दुसरं!” मला पिळताना मोसेसेनं इतकं जपून पिळलं, की पहिल्यांदा काही आलंच नाही. मग कालोलाइनच्या पाठीवर मी पसरले आणि तिनं “स्स” केलं. हा दचकून म्हणाला, “दुखलं का?” ती म्हणाली, “लाव मुकाट्यानं.”

मग ते रोजचंच झालं. डाग अजून गेलेला नाही, उगाच खोटं कशाला सांगू? पण सपाट झालाय. लेप वाळला, कपडा घातला, हात धुतले की बाळाला खुशाल घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मुलगी झाली. काल नाव ठेवलं. मी फ्रिजमध्ये होते, मला काय दिसणार? सगळा दिवस मला एकच घोर, की बाळ मांडीवर आलं तेव्हा कालोलाइन घाबरली तर नसेल? तिच्या तोंडून नाव निघालं असेल ना? संध्याकाळी सगळे परतले आणि मला व्हरांड्यात आणलं. मोसेसेनं हातमोजे चढवले, डोळे मिटले. लेसिएली बाळाला घेऊन लांब दारात उभी राहिली.

“मेलेनाइते,” ती बाळाला म्हणाली, “बाबांना सांग, अजून थोडं डावीकडे.”

आज माझी मुदत संपतेय. मला औषधाच्या दुकानात परत देतील, कचऱ्यात टाकायची मला परवानगी नाही. माझ्या जागी नवी ट्यूब आलीय, अजून सीलबंद. बाई ग, एवढं ऐक. पातेल्याच्या मागेच राहा, पुढे येऊ नकोस. बाळ रांगायला लागेल तेव्हा डोळ्यांत तेल घालून जप. आणि एक मोठा माणूस डोळे मिटून तुला उचलेल, फार जपून पिळेल. त्याला हसू नकोस. पहिल्या दाबालाच बाहेर ये.