दर्याला दिलेल्या बांगड्या

गुणाबाईंच्या उजव्या हातात एकही बांगडी नव्हती. लग्नात कोळ्यांच्या रीतीप्रमाणे त्या हाताच्या बांगड्या दर्याला वाहिल्या होत्या, धन्याला त्याने सांभाळावं म्हणून. डाव्या मनगटात हिरवा चुडा किणकिणे. उजवा हात मुका. पनवेलच्या मासळी बाजारात जन्मभर कोलंबी सोलून, कोयता चालवून आता त्याची बोटंही बधिर होत चालली होती.

दर सोमवारी, बाजार मंद असे तेव्हा, त्या जवळच्या विचुंबे गावात प्रणितच्या मसाजच्या खोलीत येत. प्रणित मुळातच अबोल. मनगटात नस आवळली गेली आहे, तिथे नुसता हात फिरवायचा, जोर द्यायचा तो कोपराखालच्या स्नायूंवर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पोरा, जेवलास नाय काय? मांजराला गोंजारतोस जसा."

"मावशी, नसेवर जोर चालत नाही."

"दुखल्याबिगर गुण येतो काय? आमच्यात रगडतात, तवा माणूस उठतो. दाब."

वडीलधाऱ्या बाईला दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याने अंगठा रोवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "आता कसं."

मग दर सोमवारी तेच होत गेलं. घरी परतताना प्रणित ठरवी, पुढच्या खेपेला ठामपणे सांगायचं. पुढची खेप येई, आणि तो पुन्हा अंगठा रोवी.

त्या सोमवारी गुणाबाई हसतच बसल्या. "दाब, दाब. आज जरा पन दुखत नाय. गुण आला बघ."

एवढ्या जोराला दुखायलाच हवं होतं. प्रणितने त्यांचा हात उचलून पाहिला. खालच्या पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरत होता. त्यांच्या तर्जनीवर कोयत्याची खोल चीर होती. कडेला अजून मासळीचे खवले चिकटलेले.

"मावशी, हे कधी कापलं?"

परक्याचा हात पाहावा तसं त्यांनी बोटाकडे पाहिलं. "सकाली असंल. कळला नाय."

"डॉक्टरकडे जाऊ. मी येतो सोबत." त्याचा आवाज खाली गेला. "मी इतकं दाबायला नको होतं."

"मीच सांगतलेला ना."

तो पट्टी बांधत राहिला. बाहेर कुठल्याशा नव्या इमारतीचं काम चाललं होतं. त्याची धूळ खिडकीच्या काचेवर साचत होती. त्या हळूच म्हणाल्या,

"दर्याला बांगड्याच दिलेल्या रं. हात नव्हता दिला."