ओटी कोणी भरायची?

स्त्री ही जगाची जननी आहे, तिच्या ठायी साक्षात आदिशक्तीचा वास आहे आणि तिच्यापुढे देवांनीही माथा टेकवला आहे. आखाडा बाळापूरच्या भागूबाईंना हे सगळे मान्य होते. त्यांची अट एकच, नऊ महिने पूर्ण भरले पाहिजेत.

त्यांच्या सुनेचे, पल्लवीचे, अडीच भरले होते.

रविंद्रशी लग्नाला सहा वर्षे झालेली. त्यातली शेवटची दोन नांदेडच्या दवाखान्याच्या खेपांत गेली. गर्भ बाहेर तयार करून पोटात ठेवायचा, असा तो उपचार. त्यासाठी पोटावर रोज एक सुई. सुया फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवलेल्या असत. कोणी विचारले तर भागूबाई सांगत, "ह्यांच्या शुगरच्या हायेत." त्यामुळे सासरे उकंडराव, ज्यांना आयुष्यात सर्दीपलीकडे काही झाले नव्हते, त्यांना दोन वर्षांत गावातल्या एकाही लग्नात जिलबी मिळाली नाही. वंशासाठी पुरुषाने केलेल्या या त्यागाची नोंद कुठेही नाही.

उपचाराच्या दुसऱ्या फेरीला गर्भ राहिला. घाईने पेढे वाटले गेले. अडीच महिन्यांनी सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. "यात कोणाचा दोष नसतो," डॉक्टर म्हणाल्या. हे वाक्य नांदेडहून बाळापूरला पोचलेच नाही. पोट रिकामे झाल्याची बातमी मात्र एस.टी.च्या आधी पोचली.

त्यानंतर दीड महिन्याने नणंदेची, शीतलची, ओटी आली. सातवा महिना. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या शीतलचा रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. भागूबाईंनी मीठ कमी केले आणि काळजी वाढवली. दुपारी लेक पडली की तिच्या पोटावर हात ठेवून बसायच्या आणि आतले लेकरू हलेपर्यंत श्वास सोडायच्या नाहीत.

ओटीच्या दिवशी सकाळी त्या पल्लवीला म्हणाल्या, "तू आज कनेरगाव नाक्याला माझ्या बहिणीकडं जाऊन ये. लई तकलीफ हाय तिला."

"आजच, आत्याबाई?"

"बिमारी काय दिवस बघून येती का?"

तेवढ्यात फोन वाजला. बहीणच होती. ती हिंगोलीहून बाळापूरच्या गाडीत बसली होती आणि ओटीसाठी अनारसे घेतलेत, अजून काही आणू का, असे विचारत होती.

भागूबाईंनी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पल्लवी आत जाऊन पिशवी भरू लागली. आजारी माणूस राहिले नव्हते, तरी जायचे होतेच. तिला एवढेच उमगत नव्हते, की आज इथून गेले तर बारशाला कुठे जायचे? आणि त्यापुढच्या सगळ्या सणांना?

ओसरीवर लसूण सोलत बसलेले उकंडराव उठून स्वयंपाकघरात आले.

"रविंद्रची माय, सून काहून निघाली?"

"तुमाला न्हाई कळायचं. तिचा हात नको शीतलच्या वटीला. आत्ताच पोट रितं झालंय तिचं."

"मग तुझी वटी कोणी भरली व्हती?"

"आता हे काय काढलं? सासूबाईनं."

"आन् माझ्या मायची लेकरं किती गेली व्हती?"

भागूबाईंचे लाटणे थांबले.

"चार," उकंडरावांनीच सांगितले. "पाचवा मी. ह्याला बी देवानं नेऊ नये म्हणून उकंड्यावर, केरात लोळवला, आन् नाव बी तेच ठेवलं. सातबाऱ्यावर हाय. चार लेकरं गेलेल्या बाईनं तुझी वटी भरली. काय झालं? रविंद्र झाला. आज पंच्याऐंशी किलोचा हाय."

"मला भेव वाटून राहिलं," भागूबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "शीतलचं बीपी..."

"मला न्हाई वाटत व्हय? बीपीला गोळी हाय. तुझ्या भेवावरची गोळी म्हणून पल्लवीला काहून गिळून राहिली?"

भागूबाईंना सासू आठवली, पार्वतीबाई. ओटी भरायला पुढे आल्यावर ती बाई ओंजळीत गहू घेऊन थांबली होती. तिने हळूच विचारले होते, "भरू का गं पोरी?" घरातली थोरली बाई कालच्या सुनेकडे परवानगी का मागते, हे तेव्हा भागूबाईंना कळले नव्हते. आज कळले, तोवर तव्यावरची पोळी करपली होती.

दुपारी बैठकीत बाया जमल्या. भागूबाईंनी पल्लवीला हाताला धरून आणले.

"पयली वटी वैनी भरंल."

शेजारच्या जिवनबाईंनी पदर तोंडाशी नेला. "भागू, इचार कर."

"केला. तीस वर्सं उशिरा केला."

पल्लवी म्हणाली, "जिवनकाकू, आणखी एक सांगते. फ्रिजमधल्या सुया मामंजींच्या नव्हत्या, माझ्या होत्या. पुढच्या महिन्यापासून परत घ्यायच्यात. ह्या बारीला काय होईल, मला म्हाईत न्हाई."

दाराआडून उकंडराव खाकरले. "म्हणजे मला शुगर न्हाई, हे बी ध्यानात घ्या."

पल्लवीने ओंजळीत गहू घेतले. तिने सासूकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बघून राहिली?" भागूबाई म्हणाल्या. "इचारायचं न्हाई. भर."

नागरिकहो, पोटातले लेकरू जाणे हे दुःख आहे. त्याला अपशकुन म्हणणारे आपण, आणि तो ज्या बाईच्या कपाळी चिकटवतो ती आपल्याच घरची. आपल्याला भीती वाटते, ते ठीकच आहे. पण भीती आपली असेल तर ती आपणच सांभाळावी, सुनेच्या पिशवीत भरून तिला गाडीत बसवू नये. दुःख झालेल्या माणसाला दाराबाहेर काढायचे नसते, पाट मांडून बसवायचे असते!

ओटी भरली. शीतलचे डोळे पाण्याने भरले होते. तिने पल्लवीचे मनगट घट्ट धरले आणि तिला जवळ ओढले. बैठकीतल्या सगळ्या बाया कान देऊन पुढे वाकल्या.

"वैनी," शीतल म्हणाली, "मला आदी बाथरूमला ने. तासभर झाला, ह्या बाया उठूच देऊन न्हाई राहिल्या."