कालवणाचे पंधरा तास

कमळमावशीने मला एकच विचारलं होतं, मुंबई ते कॅलगरी किती तास? बर्फाचं ती बघणार होती. तीस वर्षं बोरीवलीच्या बाजारात मासे विकतेय, कुठला बर्फ किती टिकतो ते तिला हाताला कळतं. तासांचं काम माझ्याकडे, कारण विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून मी कुणालाच 'माहीत नाही' म्हणत नाही. फोनवर शोधलं. बारा हजार किलोमीटर, पंधरा तास. झकास. सांगून टाकलं.

तिची मुलगी नमिता तिकडे असते. सातवा महिना लागलाय, पोटात काही ठरत नाही, आणि आईच्या हातचं पापलेटचं कालवण पाहिजे म्हणून फोनवर रडते. आमच्या बिल्डिंगमधला परेशदादा नोकरीवर परत तिथेच चालला होता. मावशीने कालवण दगडासारखं गोठवलं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ लावून भरलं. म्हणाली, वीस तास बघायला नको. शनिवारी दुपारी चारला ते त्याच्या बॅगेत गेलं.

रविवारी सकाळी साडेनऊला मी परेशदादाचं स्टेटस बघितलं. युरोपातलं कुठलंसं विमानतळ, कॉफीचा कप, आणि खाली 'अजून सहा तास इथेच.'

मी सरळ उडणाऱ्या विमानाचे तास सांगितले होते. तसं विमानच नव्हतं. त्याला मेसेज करून विचारलं आणि बोटांवर मोजलं, घरापासून घरापर्यंत तेहतीस तास. वाट लागली. खराब मासे, आणि खाणारी पोटुशी बाई.

चप्पल घालून बाजारात धावले. पोचले, पण मावशीसमोर जाववेना. कोथिंबीरवाल्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. ती गिऱ्हाइकाला सांगत होती की माझं कालवण विमानात बसलंय, आमच्या ऋताने सगळा हिशोब काढून दिला, लय हुशार पोर. माझे कान तापले. मग तिच्या पाटीसमोर उभी राहून एका दमात सगळं बोलले.

मावशीचा कोयता सुरमईवर थांबला.

"तेहतीस?"

"हो."

"मग विचारलं तवा नीट बघायला काय झालं होतं गं तुला?"

मावशीने हात पुसून नमिताला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे अजून शनिवारच होता. खोकं आलं की न उघडता टाकून दे, म्हणाली. नमिता म्हणे, वास घेऊन ठरवते ना, मी पण कोळ्याचीच पोर.

"सातव्या महिन्यात तुला गुलाबाचा पण वास घाण येईल. टाक म्हटलं ना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. नमितालाच विचारलं, तिकडे मासळी काय मिळते? गोठवलेलं पापलेट मिळतं, पण मला कुठे येतं कालवण, नमिता म्हणाली. लग्नापर्यंत तू मला चुलीजवळ येऊ दिलंस का?

"उद्या आण. आता कापायचं कसं ते बघून ठेव, वाटणाचं मग सांगते."

मावशीने व्हिडिओ लावून फोन माझ्या हातात कोंबला, पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट उचललं आणि गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मी फोन धरून ओल्या लादीवर उभी. फोन कधी माशावर, कधी मावशीच्या तोंडावर जात होता. नमिता ओरडली की काहीच दिसत नाही.

"हलवू नको," मावशी मला म्हणाली. "तेवढं तरी नीट कर."