बेबाबाईचे ठिपके

पितांबरची बायको बेबाबाई जाऊन सात महिने झाले होते. पण तिच्याबरोबर आणखी काय जाणार आहे, हे त्याला कळलं ते झुलाल नवा कॉम्प्युटर घेऊन आला त्या दिवशी.

झुलाल धुळ्याचा, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. जळगावात पितांबरच्या छापखान्यात त्याने मशीन मांडलं आणि पडद्यावर एक लग्नपत्रिका आणली.

"बघा आबा, कशी गुळगुळीत अक्षरं! नवे ट्रूटाइप फॉन्ट, छापायला आणि पडद्यावर एकच फाईल."

पितांबर वाकून बघत राहिला. "ही तिची नाहीत."

"कोणाची?"

मग पितांबरने सांगितलं. जुन्या मशीनवर प्रत्येक फॉन्टच्या दोन फायली होत्या. एक छापायची आणि एक पडद्यावर दाखवायची, ठिपक्याठिपक्यांची. कागदावर अक्षर सुरेख यायचं, पण पडद्यावर बारीक आकारात 'घ' आणि 'ध' सारखेच दिसायचे. बेबाबाईने अक्षरं दुरुस्त करायचा प्रोग्रॅम शिकून घेतला. दोन वर्षं, घरचं आवरून आली की एकेक ठिपका हलवत तिने पडद्यावरची सगळी अक्षरं नव्याने भरली. पितांबर चिडवायचा, "अगं, छापताना हे कुठे येतंय? कोण बघणार?" ती म्हणायची, "मी बघते ना! तुम्ही जा, तुमच्या त्या शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांना आंघोळ घाला."

"म्हणजे अक्काचं बठ्ठं काम या एका डब्यात शे? सगळंच?" झुलालने जुन्या मशीनकडे बघत विचारलं.

"फ्लॉपीवर काढून दे."

"फ्लॉपी ड्राइव्ह मेलाय. नवा बसवायला मशीन बंद करावं लागेल." झुलालने डब्याला कान लावला. आतून कट्ट कट्ट येत होतं. "डिस्क अडकतेय, आबा. बंद केलं तर पुन्हा फिरेलच, असं मी नाही सांगू शकत."

"पडद्यावरचं जसंच्या तसं छापून निघेल?"

"या प्रिंटरवर नाही. तो छापायच्या फायलीतलं कंपनीचंच अक्षर छापणार."

त्या दिवसापासून पितांबरने जुनं मशीन बंद केलं नाही. सकाळी कुलूप काढलं की आधी डब्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा. गरम लागला की मग चपला काढायचा. जमीन हादरते म्हणून त्याने छपाईचं मशीन थांबवलं. गिऱ्हाईक मोठ्याने बोललं तरी तो ओठांवर बोट ठेवायचा.

त्याने आलेखाची वही आणली. प्रोग्रॅममध्ये एकेक अक्षर मोठं करायचं, ठिपके मोजायचे आणि वहीतले चौकोन पेन्सिलीने भरायचे. बोटं जाड, खिळे उचलणारी. भलतंच बटण दाबलं जाऊन तिचा ठिपका पुसला जाईल, या भीतीने प्रत्येक बटण दाबण्याआधी तो दोनदा बघायचा. दिवसाला चार अक्षरं व्हायची. 'ब'च्या पोटातली रेघ तिने एक ठिपका वर घेतली होती. इतकी वर्षं समोर बसून त्याने ते पाहिलंच नव्हतं.

एका गुरुवारी भर दुपारी वीज गेली. यूपीएस ओरडू लागला. त्याची बॅटरी जुनी, फार तर दहा मिनिटं पुरणारी. 'स' सकाळीच झाला होता. हातातला 'ह' घाईने पुरा झाला. 'ळ'ची पहिली गाठ भरत असताना यूपीएस न थांबता ओरडू लागला. पितांबर आणखी भराभर मोजू लागला आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. पेन्सिलीचं टोक तुटलं. मग पडदा काळा झाला आणि आतलं कट्ट कट्ट थांबलं.

अर्ध्या तासाने वीज आली. पितांबरने बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. त्याने धुळ्याला फोन लावला.

"दाबा की आबा," झुलाल म्हणाला. "फिरेलसुद्धा."

"आणि नाही फिरलं तर?"

पितांबरने फोन ठेवून दिला.

याला तीन आठवडे झाले. 'ळ' अर्धा राहिला आहे. 'क्ष', 'ज्ञ' आणि सगळी जोडाक्षरं वहीत उतरवायची राहिली आहेत. बटण अजून दाबलेलं नाही.